श्रीरंगदादांची झोळी

हॅनोव्हरमधल्या मराठी माणसाला अचानक काही लागलं, ड्रिल मशीन म्हणा, पाहुण्यांसाठी हवेची गादी म्हणा, गणपतीला जादा समई म्हणा, की तो श्रीरंग खटावकरांना फोन करतो. त्यांच्या तळघरात ती वस्तू असतेच, आणि बहुतेक वेळा दोन असतात. मी त्यांच्याच ऑफिसात अकरा वर्षं काम करतोय आणि माझ्या घरातली निम्मी हत्यारं मुळात त्यांची आहेत. परत द्यायला गेलो की म्हणतात, "राहू दे रे, माझ्याकडे दुसरं आहे."

या दुसऱ्याची गोष्ट सत्तावीस वर्षं जुनी आहे. साताऱ्याहून ते इथे मास्टर्स करायला आले तेव्हा वसतिगृहात सहा जणांत एक स्वयंपाकघर होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ओट्यावर पडलेला डबे उघडायचा ओपनर वापरला, धुतला आणि पुसून जागेवर ठेवला. संध्याकाळी फ्रिजवर चिठ्ठी. दादांना तेव्हा जर्मन यथातथाच येत होतं. डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावत त्यांनी ती वाचली, आणि वाचून होईपर्यंत अपमान चांगला मुरला. 'माझा ओपनर कोणी घेतला? विचारायला तोंड नाही का?' खाली सही नव्हती. दुसऱ्या दिवशी दादांनी स्वतःचा ओपनर विकत आणला, आणि तो हरवला तर असावा म्हणून आणखी एक. त्या दिवसापासून या माणसानं कुणाकडे काही मागितलेलं मी तरी ऐकलेलं नाही. दिलं मात्र सगळ्यांना.

आमची कंपनी बसच्या सीट बनवते. दादांचं काम त्या सीटचं वजन उतरवण्याचं. सीटखालच्या एका लोखंडी पट्टीतून चाळीस ग्रॅम कसे काढता येतील यावर ते तीन आठवडे डोकं लावतात. आणि हाच माणूस चार दिवस समुद्रावर जाताना गाडीत कपडे वाळत घालायचा स्टँड टाकतो.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी शिवांगी पदवी घेऊन बाहेर पडली. सप्टेंबरपासून म्युनिकमध्ये नोकरी ठरली होती. ऑगस्ट मोकळा होता आणि तिला हाइडश्नुकनवेग चालायची होती. हाइडश्नुकं म्हणजे इथल्या माळरानावरची काळ्या तोंडाची शिंगवाली मेंढरं. त्यांच्या नावाची ही पायवाट हॅम्बुर्गच्या कडेपासून सेलेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर जाते. ऑगस्टमध्ये सगळा माळ जांभळा फुललेला असतो. एका रविवारी जेवताना शिवांगीनं विचारलं, "पापा, कोम्स्ट डू मिट?" म्हणजे, येणार का बरोबर. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

"येतो की," दादा म्हणाले. भाजी वाढून घेतल्यासारखं म्हणाले.

"आठ किलो," शिवांगी म्हणाली. पाणी आणि खाणं सोडून पाठीवर आठ किलो. एक ग्रॅम जास्त निघाला तर ती एकटी जाणार.

हाडांच्या डॉक्टरांनीही दादांच्या उजव्या गुडघ्याकडे बघून ओझं कमीच ठेवायला सांगितलं होतं. गुडघ्याचा दुसरा त्रास असा की एकदा जमिनीवर झोपलं की सकाळी उठताना दादांना आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग खुर्चीवर अशा पायऱ्यांनी वर यावं लागतं. तंबूत खुर्ची कुठून आणायची? तेव्हा तंबू बाद झाला. शिवांगीनंच हॅमॉक सुचवला. दोन झाडांमध्ये टांगायचा, खुर्चीच्या उंचीवर बसायचं, पाय वर घ्यायचे की झालं. उठताना पाय खाली सोडायचे आणि उभं राहायचं.

सुलेखावहिनींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे झोळी. अहो, त्रेपन्नाव्या वर्षी तुम्हाला झोळीत घालायचं आणि मी घरी बसून अंगाई म्हणायची."

तेव्हापासून त्या घरात हॅमॉकला कोणी हॅमॉक म्हणालं नाही.

पहिली झोळी दादांनी घाईत आणली. सुती, झालरीची, दोन्ही टोकांना लाकडी दांडी, वजन दोन किलो तीनशे. त्यांच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे शहराच्या कडेला भाड्यानं मिळतो तसल्या बागेच्या तुकड्यात, अक्रोड आणि प्लमच्या मध्ये त्यांनी ती बांधली, ऐटीत बसले आणि पापड उलटावा तसे उलटले. वहिनी तिथेच वाफ्यात मेथी खुडत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, काही लागलं नाही ना एवढं विचारलं आणि परत मेथीत लक्ष घातलं.

मग मात्र दादांमधला इंजिनिअर जागा झाला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मला रोज दुपारी अहवाल मिळू लागला. दांडी नको, कारण दांडी वजन वाढवते आणि उलटवते. कापड पातळ नायलॉनचं, सव्वातीन मीटर लांब, दोन्ही टोकांना नुसत्या चुण्या. वजन तीनशे ऐंशी ग्रॅम. त्यात सरळ झोपलं तर माणूस केळ्यासारखा वाकतो, पण तिरकं झोपलं तर पाठ जवळजवळ सपाट राहते. हे सांगताना ते कॅन्टीनच्या टेबलावर नॅपकिन ताणून त्यावर काटा तिरका ठेवून दाखवत. बांधायला दोर घ्यायचा नाही, दोर झाडाच्या सालीत रुततो. दोन बोटं रुंदीचे पट्टे घ्यायचे. पट्टा झाडाकडे तीस अंशात चढला पाहिजे. जास्त ताणलात तर झाडाला आणि कापडाला उगाच जोर, ढिला सोडलात तर बूड जमिनीला.

"आणि गादी?" मी विचारलं.

"गादीचं काय, फोमचा तुकडा टाकला की काम झालं," दादा म्हणाले. ते काम झालं नाही.

मे महिन्यात त्यांनी बागेत एक रात्र झोपून पाहिलं. वरून उबदार पांघरूण, खाली फोम. रात्रीत फोम सरकत सरकत पायाशी गेला आणि सकाळी दादा घरी आले ते पाठ धरून. "वरून मी चपातीसारखा गरम होतो," त्यांनी मला सांगितलं, "आणि खालून फ्रिजमध्ये होतो." झोळीत खालून वारा लागतो आणि अंगाखाली पिसांचं पांघरूण घेतलं तर ते वजनानं चेपून निकामी होतं. त्यावर उपाय म्हणजे पांघरूण झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूनं लटकवायचं. मग ते चेपत नाही, फुगलेलं राहतं आणि पाठीला ऊब मिळते. इंग्रजीत त्याला अंडरक्विल्ट म्हणतात. दादांनी ही सगळी रचना वहिनींना कागदावर काढून दाखवली.

वहिनींनी कागद फिरवून फिरवून पाहिला. "म्हणजे झोळीला परकर," त्या म्हणाल्या.

तेव्हा आता सामान असं झालं: झोळी तीनशे ऐंशी, परकर साडेचारशे, पांघरूण पाचशे, वर बांधायचं पातळ छप्पर तीनशे, पट्टे दीडशे. दोन किलोच्या आत माणसाचं अख्खं घर. दादा खूश होते. पण हे घर पिशवीत घालून त्यावर बाकीचं सामान चढवून त्यांनी बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवलं, तेव्हा काटा एकवीस किलोवर थांबला.

त्यानंतरचे तीन रविवार खटावकरांच्या दिवाणखान्यात कोर्ट भरलं. मी दोनदा हजर होतो. सामान सतरंजीवर मांडलेलं, शेजारी स्वयंपाकघरातला छोटा काटा, शिवांगीच्या मांडीवर लॅपटॉप. तिनं एक्सेलमध्ये वस्तूचं नाव, वजन आणि 'शेवटचं कधी वापरलं' असे तीन रकाने केले होते. तिसऱ्या रकान्यानं दादांचा घात केला.

"ही टॉर्च?" शिवांगीचा प्रश्न जर्मनमध्ये, पण टॉर्च हातात असल्यामुळे सगळ्यांना कळला.

"ती ठेव."

"आणि ही?"

"पहिली बंद पडली तर."

"आणि ही तिसरी?"

"त्या दोन अंधारात सापडल्या नाहीत तर, शोधायला."

वहिनींनी तिसरी टॉर्च उचलून सरळ शोकेसमध्ये ठेवली. मग दीड लिटरचा कुकर गेला, कपड्यांचे चिमटे गेले, वीस मीटर नायलॉनची दोरी गेली, जादा चप्पल गेली, मलमपट्टीच्या दोन डब्यांतला एक गेला. जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद तीनशे चाळीस ग्रॅम भरला. "झाडं नसली तर?" दादांनी विचारलं.

"पापा, जर्मनीत आहोत आपण," शिवांगी म्हणाली. "इथे झाडं आहेत."

हे बरोबरच होतं, म्हणून कागदही गेला. शेवटी काटा सात किलो नऊशेवर आला. दादा सोफ्यावर बसून त्या पिशवीकडे असं बघत होते, जणू पंगत उठून गेलीय आणि आपल्याला कुणी जेवायला विचारलंच नाही.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी बापलेक निघाले. जंगलात कुठेही पथारी टाकायला इथे परवानगी नसते, आणि माळाचा बराचसा भाग तर राखीव आहे. म्हणून मुक्कामाच्या जागा फोन करून ठरवल्या होत्या, काही कॅम्पिंगच्या तर काही खोल्यांच्या. पहिले सात दिवस छान गेले. दादा मला रोज एक फोटो पाठवत: पाईनच्या दोन झाडांमध्ये झोळी, खाली परकर, वर छप्पर, आणि झोळीतून बाहेर आलेली दादांची पायमोज्यांतली पावलं. गुडघा कुरकुरत नव्हता. एका सकाळी धुक्यातून दोनशे मेंढरं त्यांच्या शेजारून गेली आणि त्यांतल्या एकीनं वाळत टाकलेला पायमोजा चाखून पाहिला, असंही कळलं.

आठव्या दिवशी बावीस किलोमीटर चालून ते संध्याकाळी सहाला ठरलेल्या कॅम्पिंगच्या जागेवर पोचले. फोनवर तिथल्या बाईंनी झाडं आहेत असं स्पष्ट सांगितलं होतं. झाडं होती. त्याच वसंतात लावलेली बर्चची रोपं, दादांच्या कमरेला येणारी, एकेक रोप काठीला बांधलेलं. उंच झाडं सगळी कुंपणाच्या पलीकडे, राखीव माळात, तिथे पट्टा बांधणं म्हणजे दंडाला आमंत्रण.

"जमिनीवर झोपा की," बाई म्हणाल्या.

जमीन ओली होती. अंथरायचा कागद हॅनोव्हरमध्ये शोकेसखाली होता. माळ फुललेला, त्यामुळे आसपासच्या गावांत एक खोली रिकामी नव्हती, शिवांगीनं सहा ठिकाणी फोन करून पाहिले. पुढची कॅम्पिंगची जागा नऊ किलोमीटरवर, आणि तिच्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आलेला. दोघं रस्त्यानं हळूहळू चालू लागले. किलोमीटरभर गेल्यावर एक विटांचं शेतघर दिसलं, आणि घरामागे सफरचंदाची म्हातारी, जाड बुंध्याची झाडं.

शिवांगी फाटकाबाहेरच्या दगडावर बसली आणि तिनं बूट काढला. "डू फ्राग्स्ट," ती म्हणाली. तू विचार.

"तू विचार की, तुझं जर्मन चांगलं आहे."

"पापा, तू इथे सव्वीस वर्षं राहतोयस."

दादांनी मला नंतर सांगितलं की मास्टर्सच्या तोंडी परीक्षेलाही ते इतके घाबरले नव्हते. फाटकापुढे उभं राहून त्यांनी वाक्य मनात तीनदा जुळवलं. झाडाचं अनेकवचन तपासलं. मग घंटा दाबली. दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. पायात रबरी बूट, हातात चाकू, कारण त्या बटाटे सोलत होत्या. त्यांचं नाव फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ल्युट्येन्स, वय चौऱ्याहत्तर.

"माफ करा," दादा म्हणाले, "तुमच्याकडे तीन झाडं आहेत का?"

फ्राऊ ल्युट्येन्सनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घरामागच्या चाळीस झाडांकडे पाहिलं. "आहेत," त्या म्हणाल्या. "कशाला?"

"झोपायला. साडेचार मीटर अंतराची असतील तर बरं. दोघांना मिळून तीन पुरतात, मधलं झाड सामायिक."

फाटकाबाहेर शिवांगीनं तोंडावर हात घेतला होता. बाई चाकू एप्रनला पुसून म्हणाल्या, "बरं तर. दाखवा काय करता ते. साल सोललीत तर मात्र रात्री रस्त्यावर."

दादांनी पट्टे दाखवले. बाईंनी रुंदी बोटानं मोजली, पट्टा ताणून पाहिला, बुंध्याला वेढा कसा बसतो ते वाकून बघितलं आणि मान हलवली. झोळी चढली, परकर चढला. बाईंनी परकर म्हणजे काय ते विचारलं, आणि दादांनी वाऱ्यापासून चेपलेल्या पिसांपर्यंत सगळं समजावलं. बाई म्हणाल्या, "बसून बघू का?"

बसायचं कसं ते दादांनी शिकवलं. आधी मधोमध बूड टेका, मग पाय आत, मग तिरक्या व्हा. फ्राऊ ल्युट्येन्सनी रबरी बूट काढले, बसल्या, पाय आत घेतले आणि तिरक्या झाल्या. मग त्यांचा आवाज येईना.

"ठीक आहात ना?" शिवांगीनं विचारलं.

"हे झाड माझ्या नवऱ्यानं लावलं," आतून आवाज आला. "एकेचाळीस वर्षं मी शिडीवर चढून याला वरून छाटतेय. खालून बघायला कधी सवडच झाली नाही."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. दादांनी घड्याळ बघितलं. शेवटी झोळीतून सूचना सुरू झाल्या. बटाटे ओट्यावर आहेत, अर्धे सोललेत, बाकीचे सोला. मीठ दुसऱ्या फळीवर. काकड्यांची बरणी खाली. शिवांगी लंगडत आत गेली आणि दादा पाठोपाठ गेले, आणि परक्या घराच्या स्वयंपाकघरात बापलेकीनं मिळून एका झोपलेल्या बाईंसाठी रात्रीचं जेवण केलं. दादांनी न मागता पिशवीतली मिरपूड बटाट्यावर घातली. सफरचंदाच्या रिकाम्या खोक्यांवर बसून दोघं जेवले. बाईंनी ताट झोळीतच मागून घेतलं.

जेवण झाल्यावर त्यांना बाहेर काढायला मात्र दोघांची ताकद लागली. दादांनी हात धरले, शिवांगीनं पाठीमागून आधार दिला, झोळी डावी-उजवी झाली, आणि बाई गवतावर उतरल्या तेव्हा तिघंही हसून दमलेले होते. उजेड होता तोपर्यंत दादांनी शिवांगीची झोळी बांधली, छप्परं ताणली आणि अंधार पडायच्या आत झोपले. पुढे त्यांना थेट सात वाजता जाग आली.

सकाळी कुंपणापाशी उभ्या असलेल्या फ्राऊ ल्युट्येन्सना दादांनी विचारलं, "तुमच्याकडे सुई आहे का? आणि पट्टी? मुलीच्या टाचेला हवी होती." हे मागताना आपण आदल्या दिवशीइतकं घाबरलो नाही, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. बाईंनी सुई दिली, पट्टी दिली, वर कॉफी दिली आणि झोळीची पूर्ण यादी वजनांसकट कागदावर लिहून मागितली.

पुढचे चार दिवस शिवांगीसाठी कठीण गेले. दादांना मागायची चटक लागली. पेट्रोल पंपावर त्यांनी चहासाठी गरम पाणी मागितलं. बाकावर डबा खाणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याकडे मोहरी मागितली, आणि मिळाल्यावर ती कुठल्या कंपनीची म्हणून चौकशी केली. एका धनगराला विचारलं की मी अर्धा तास मेंढरांबरोबर चाललो तर चालेल का. धनगर म्हणाला, चला, पण कुत्र्याच्या उजवीकडून. तो अर्धा तास दीड तासाचा झाला, कारण मेंढरं चुकीच्या दिशेला निघाली होती आणि दादांनी ते विचारलं नव्हतं. शिवांगी तोपर्यंत एका ओंडक्यावर बसून टाचेची पट्टी बदलून, सफरचंद खाऊन, आईशी फोनवर बोलून मोकळी झाली होती.

"बाबा काय करतायत?" वहिनींनी विचारलं होतं.

"मेंढरांत आहेत," शिवांगी म्हणाली.

सेलेला ते गुरुवारी दुपारी पोचले. किल्ल्यासमोरच्या हिरवळीवर दोघांनी बूट काढले आणि दादांनी शेजारच्या मुलींना आमचा फोटो काढाल का म्हणून विचारलं. त्या फोटोत शिवांगीनं डोळे वर केलेत आणि दादा असे उभे आहेत, जणू ते मेंढरांसकट पोचलेत.

सप्टेंबरमध्ये शिवांगी म्युनिकला गेली. तिथलं भाडं ऐकून तिनं आईला सांगितलं की खोलीत पलंग ठेवायला जागा नाही. दादांनी तिला भिंतीत बसवायच्या दोन हुकांची चौकशी करून ठेवायला सांगितलं. वहिनींनी फोन काढून घेतला.

आणि ऑक्टोबरात दादांना फ्राऊ ल्युट्येन्सचा फोन आला. त्यांनी झोळी मागवली होती, पट्टे मागवले होते, आता परकर हवा होता, थंडीचा, जाड. दादांनी उंची विचारली, ती त्यांनी सांगितली. वजन विचारलं तर म्हणाल्या, ते तुम्ही उचलून पाहिलंय. दादांनी अंदाजानं भर घातली आणि दोन तास फोनवर बसून उणे पाच अंशाचा परकर ठरवला.

नोव्हेंबरच्या मध्याला, आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो असताना, दादांच्या फोनवर अनोळखी नंबर आला. पलीकडे बाईंचा मुलगा होता, ब्रेमेनहून. दादांनी स्पीकर चालू केला.

"मिस्टर खटावकर, माझी आई तीन आठवडे घरात झोपलेली नाही. बाहेर दव पडतंय. मी तिला सांगून थकलो, ती म्हणते तुमच्याशी बोल."

"छप्पर नीट बांधलंय का त्यांनी?" दादांनी विचारलं. "वाऱ्याची बाजू जरा खाली हवी."

मुलगा हळूच म्हणाला, "मला तेच विचारायचं होतं. मी गेल्या शनिवारी आत झोपून पाहिलं. पाठीला थंडी लागली. तिचा तो खालचा कपडा मला आखूड पडतो. मी एक मीटर ब्याण्णव आहे."

दादांनी मला खूण केली. मी नॅपकिन पुढे सरकवला, आणि त्यांनी त्यावर उंची लिहून घेतली.